आईनं गुपचूप टिपलेलं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला मोबाइल आहे. माझी काच तडकली आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नाही. खरं सांगू, आता वाजायचाही कंटाळा येतो.

देगलूरच्या दुकानातून महामायाबाईंनी मला हौसेनं बिलोलीला आणलं. त्या शाळेत शिक्षिका. त्यांची लेक इरा तेव्हा पहिलीत होती. तिच्या कविता, तिची नाटकं, सगळं मी साठवलं. "फोटो लई झ्याक काढतंय बघा," असं इराची आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तेवढंच काय ते माझं सुख.

पुढं इराचे आई-वडील वेगळे झाले. इरा कुणाकडे राहणार, हे कोर्ट ठरवणार होतं. एका संध्याकाळी वडिलांचा फोन आला आणि बाईंनी त्यांना न सांगता रेकॉर्डिंग सुरू केलं. वडील तावातावानं म्हणाले, "मला पोरगी नकोच हाय. तुला रडवायला कोर्टात मागून राहिलो तिला."

ते वाक्य पोटात घेऊन मी कोर्टात गेलो. आमच्याकडे वकिलाचं ऑफिस म्हणजे आवारातल्या कडुलिंबाखालचं टेबल. तिथं बाईंनी संगमेश्वर वकिलांना विचारलं, "साहेब, चोरून केलंय. चालंल का?"

"चालतंय. चोरून केलं एवढ्यावरून कोर्ट फेकून देत न्हाई. पण आवाज त्यांचाच हाय, मधलं काही कापलं न्हाई, हे दाखवावं लागतंय. वाजवा बघू. मोठ्यानं वाजवा, गलका लई हाय."

त्या दिवशी न्यायाधीश इराशी बोलणार होते, म्हणून तीही आली होती. ती नळावर पाणी प्यायला गेली होती. बाईंनी माझा आवाज पूर्ण वाढवला. शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी कान टवकारले. तेवढ्यात इरा हसत धावत आली. "बाबांचा फोन हाय? मला दे!" आणि नेमकं तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं.

मला गप्प बसता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

खासगी बोलणं पुरावा म्हणून घेऊ नये, म्हणून समोरचे वकील पुष्कळ भांडले. न्यायाधीशांनी मला तपासून घेतलं, बोलणं अखंड ऐकलं आणि पुरावा म्हणून मान्य केलं. इरा आईकडे राहिली. घरी पेढे आले. इराने पेढा घेतला नाही.

आता मी टेबलावर पडून असतो. परवा इरा शाळेतून रडत आली आणि आईच्या कुशीत शिरली. आईनं विचारलं, "काय झालं गं?" इरा बोलणार, एवढ्यात तिला मी दिसलो. ती उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

मित्रांनो, न्यायासाठी गरज पडली तर आम्हाला जरूर बोलवा. आम्ही खरं तेच सांगू. पण आमचा आवाज वाढवण्याआधी एकदा मागं वळून बघा, लेकरू कुठं उभं आहे.