अकरावं कडवं

आर्डिसने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, गिअर काढला आणि इंजिन चालूच ठेवलं. वायपर काचेवरचा बर्फ ढकलत राहिले.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय परत?"

"आत्ता म्हणालास ते. अकरावं कडवं."

वेल्डन पिकेट चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, पण त्याचा आवाज अजून सभागृहभर पुरत असे. ट्रकमध्ये तो जास्तच होई. त्याने डोळे मिटले.

"आठ पदरांचा दोर माझा, तारेसारखा ताठ,
वेढे सोडले मीच हातांनी, मीच गाठला काठ."

डोळे उघडून त्याने बायकोकडे पाहिलं.

"असं नाही ते," आर्डिस म्हणाली. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "मध्येच तुटला, टोक फिरून फोडून गेलं पाठ."

"तेच तर म्हणालो."

"नाही म्हणालास."

"बरं बाई, नसेन म्हणालो. पुढे चल. इथं उभी राहिलीस तर लोक समजतील गाडी बंद पडली, आणि मदतीला थांबतील. मग दुपारपर्यंत त्यांच्या गाड्यांबद्दल ऐकावं लागेल."

तिने गाडी रस्त्यावर घेतली. गाव अजून चाळीस मैल होतं. दोन वाजता त्याला काउबॉय कवींच्या संमेलनात व्यासपीठावर उभं राहायचं होतं.

ती कविता नेवाडाच्या उत्तरेला प्रत्येक रँचवर माहीत होती, आणि शेजारच्या दोन राज्यांतही. १९५७च्या जानेवारीत मार्टिन एचेव्हेरी घोड्यासकट जलाशयाच्या बर्फातून खाली गेला. वेल्डन त्याच्यासोबत होता. त्याने चामड्याचा दोर टाकला, मार्टिनने तो काखेतून घेतला, आणि वेल्डनचा घोडा ओढू लागला. त्यानंतर दोर तुटला. मार्टिनच्या बायकोच्या, ग्रासियानाच्या, पदरात तीन मुलं होती.

वेल्डनने नंतर शंभरावर कविता रचल्या. लाथाळ घोड्यांच्या, वाईट आचाऱ्यांच्या, एका खेचराची तर तीन भागांत. पण लोक मागत ती हीच. वासरांना डाग द्यायच्या दिवसांत मागत, लग्नात मागत, दफनानंतरच्या जेवणावर मागत. चाळीस वर्षांत त्याने ती एकदाही कागदावर उतरवली नव्हती. इथे कुणीच कागद बघून म्हणत नसे. जो बघून म्हणे त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नसे.

गेल्या शरद ऋतूत त्याचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग नातवाचं नाव, मग एकदा घरासमोरचं कुंपणाचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते. डॉक्टरांनी सांगितलं, ताजं आधी जातं, जुनं सगळ्यात शेवटी. आर्डिसला तेव्हा हायसं वाटलं होतं. कविता जुन्या होत्या. पण दोर तुटल्याच्या ओळीहूनही जुनी एक ओळ त्याच्या डोक्यात होती, आणि शेवटी तीच उरणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती ओळ तिने आजच्या आधी फक्त एकदा ऐकली होती. रँचच्या स्वयंपाकघरात, १९५७च्या फेब्रुवारीत. अकराव्या कडव्याला तिने त्याला थांबवलं होतं आणि विचारलं होतं, हे तू ग्रासियानासमोर म्हणणार? दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर कविता जशी सगळ्यांना माहीत आहे तशी झाली.

"वेल्डन," ती गावाच्या वेशीवर म्हणाली, "आज खेचराची म्हण. लोकांना हसायला हवंय. हिवाळा किती वाईट गेलाय."

"म्हणतो की."

"मार्टिनची नको."

"नको तर नको."

"आणि मी एक कागद टाइप करून आणलाय. खिशात राहू दे. लागला तर."

तो तिच्याकडे वळला. एवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर जे सैल पडलं होतं ते आवळलं गेलं.

"कागद? मग बुटांऐवजी चपला पण घालतो ना. आणि टेक्सासवाल्यांसारखा खोगिराला दोर गाठ मारून बांधतो."

"वेल्डन—"

"ते लोक गाठ मारतात आणि गाठीबरोबरच जातात. आपण खोगिराच्या खुंटाला दोन वेढे देतो, टोक हातात ठेवतो. सोडायची वेळ आली तर सोडता यायला हवं. हे माझ्या बापाने मला सहाव्या वर्षी शिकवलंय, आणि तू मला कागद देतेस."

आर्डिसने कागद पर्समध्ये ठेवला.

सभागृहात सहाशे माणसं होती आणि ओल्या लोकरीचा वास होता. सूत्रसंचालन करणारा डॅरेल, पन्नाशीचा मिशाळ रँचवाला, पडद्यामागे कॉफीचा पेला घेऊन उभा होता. आर्डिसने त्याला बाजूला घेतलं.

"त्याला आज एकच कविता म्हणू दे. खेचराची. मग लगेच पुढच्याला बोलाव."

"आर्डिस, लोक तीनशे मैलांवरून आलेत. ते खेचरासाठी नाही आले."

"त्याची तब्येत बरी नाही."

डॅरेलने पडद्याच्या फटीतून पाहिलं. वेल्डन एका तरुण काउबॉयला त्याच्या टोपीवरून छळत होता. ही टोपी घातलीस की तुझ्या डोक्यात घातली कुणी, असं काहीतरी. आसपासची माणसं हसत होती.

"मला तर तो माझ्यापेक्षा बरा दिसतोय," डॅरेल म्हणाला. "आणि राज्याच्या ग्रंथालयाची माणसं यंत्र लावून बसलीत. आजचं सगळं कायमचं ठेवणार आहेत. कॅलिफोर्नियातली पोरं ऐकतील ते, आपण गेल्यावर."

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेपची चाकं फिरत होती. आर्डिसने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पहिल्या रांगेत ग्रासियाना एचेव्हेरी बसली होती. ती ऐंशीच्या घरात होती. नवरा गेल्यावर तिने फ्रान्सच्या सीमेवरून आलेल्या बास्क लोकांच्या गावातल्या खाणावळीत तीस वर्षं रांधलं आणि तिन्ही मुलं मोठी केली. दरवर्षी या संमेलनात तिची जागा राखलेली असे. कुणी तसं लिहिलेलं नव्हतं, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

वेल्डन व्यासपीठाकडे निघाला तसा तिने काठीने त्याची पिंढरी अडवली.

"अजून जिवंत आहेस? मला वाटलं, तुझ्या दफनाचंच जेवण आहे म्हणून आले."

"तुझ्या खाणावळीत वीस वर्षं मेंढी खाल्ली, तेव्हा नाही मेलो. आता काय मरतो."

"खाल्लीस, आणि वर परत मागितलीस."

"दुःखात माणूस काहीही मागतो."

ती हसली. मग तिने शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला. "बैस आर्डिस. उभी का? दार अडवायचंय?"

आर्डिस बसली. खरं तर ती दाराकडेच पाहत होती.

वेल्डनने खेचराची कविता म्हटली. एकही शब्द चुकला नाही. खेचराने धर्मोपदेशकाला ओढ्यात टाकलं तिथे सभागृह इतकं हसलं की त्याला थांबावं लागलं, आणि तो बरोबर जितकं थांबायला हवं तितकाच थांबला. टाळ्या झाल्या. आर्डिसचे खांदे खाली आले. डॅरेल पडद्याआडून पुढे आला.

"वेल्डन," ग्रासियाना बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या रांगेतून तो पोचला. "माझ्या माणसाचं म्हण."

तिने मागितल्यावर कुणी नाही म्हणणं शक्य नव्हतं. डॅरेल मागे सरला. वेल्डनने टोपी काढून छातीशी धरली. ही कविता तो नेहमी तशीच म्हणे.

आर्डिस कडवी मोजू लागली. पहिली तीन गायींची आणि थंडीची. चौथ्यात मार्टिन फ्रेंच शिवी देतो. पाचव्यात दोघं पैज लावतात. तिने पर्स उघडली, कागद चाचपला, पर्स बंद केली. सातव्यात बर्फ आवाज करतो. मागच्या रांगेत एक बाळ रडत होतं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. आठवं. नवव्यात मार्टिन गळ्यापर्यंत पाण्यात असून म्हणतो, वेल्डन, आत ये, पाणी कोमट आहे. या ठिकाणी लोक हसत आणि लगेच गप्प होत. ते हसले आणि गप्प झाले.

दहाव्यात दोर जातो, मार्टिन तो काखेतून घेतो, घोडा पाय रोवतो.

मग वेल्डन थांबला.

त्याची नजर समोर होती पण कुणावर नव्हती. सभागृहातल्या माणसांनी आपापल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली. म्हणणारा अडला की इथे कुणी सांगत नसे, कुणी बघतही नसे. त्याला त्याचा वेळ देत. टेपची चाकं फिरत होती.

ती सांगू शकत होती. पुढची ओळ तिने हलकेच म्हटली असती तर त्याने ती पकडली असती, आणि कविता नीट पलीकडे गेली असती. लोक म्हणाले असते, बायकोने मदत केली, म्हातारा झाला बिचारा. तेवढंच. ती खुर्चीवरून पुढे सरकली आणि तिने तोंड उघडलं.

ग्रासियानाचा हात तिच्या मनगटावर पडला.

"थांब," ती कुजबुजली. "येतंय त्याला."

"त्याला येत नाहीये—"

"थांब म्हणते ना."

वेल्डनचा चेहरा मोकळा झाला.

"आठ पदरांचा दोर माझा, तारेसारखा ताठ,
वेढे सोडले मीच हातांनी, मीच गाठला काठ."

मागे कुणीतरी खोकलं आणि तो खोकला अर्ध्यातच थांबला. रांगेच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. डॅरेलच्या हातातला पेला कलला होता, ते त्याच्या लक्षात नव्हतं. वेल्डन बाराव्यात गेला होता. त्याचा आवाज बदलला नव्हता. आपण काय म्हणालो हे त्याला माहीत नव्हतं, किंवा एवढं एकच माहीत होतं.

आर्डिसला शेजारी पाहायचं धाडस होईना. मनगटावरचा हात हलला नव्हता. तो कोरडा आणि जड होता. ती त्याच्या आवळण्याची वाट पाहत राहिली.

"पहिल्यांदा असंच होतं ते," ग्रासियाना म्हणाली. तिची नजर व्यासपीठावरच होती.

"काय?"

"मेलेल्यावर रचलेलं आधी त्याच्या घरी म्हणतात. तो आला होता. टोपी हातात धरून चुलीपाशी उभा राहिला आणि सगळं म्हणाला. तुझ्याकडे यायच्या आधी."

आर्डिस तिच्याकडे वळली. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? त्याला बसवलं, सूप वाढलं. त्याचा घोडा आणि तो, दोघंही ओढले जात होते त्या भोकात. मार्टिनने पण वेढे सोडले असते. सोडायलाच हवे होते. मग वसंतात वासरांना डाग द्यायला जमलो, तेव्हा हा उभा राहिला आणि म्हणाला, दोर तुटला. माझ्यासमोर. डोळ्यांत न बघता. मला वाटलं, मी त्याला सूप नीट वाढलं नाही की काय."

चौदावं झालं. पंधराव्यात वेल्डन काठावर एकटा घोडा धरून उभा होता.

"दरवर्षी येते," ग्रासियाना म्हणाली, "आणि बघते, आज तरी खरं म्हणतो का. एकदा विचारणारही होते. पण ती ओळ त्याची नव्हेच, एवढं मला कळत होतं. त्याला अठरा वर्षांचा असल्यापासून ऐकतेय मी. तो असं गुळगुळीत रचत नाही. 'टोक फिरून फोडून गेलं पाठ.' त्याच्या पाठीवर कधी वळ बघितलास तू?"

आर्डिसने नकारार्थी मान हलवली.

"कुणाची ती ओळ?"

व्यासपीठावर वेल्डन शेवटच्या कडव्याला आला होता. त्यानंतर टाळ्या सुरू होणार होत्या, आणि मग शेजारच्या खुर्चीवरचंही ऐकू आलं नसतं. चार ओळी उरल्या होत्या. मग तीन. आर्डिसने पर्सची कडी उघडली, मिटली.

"माझी," ती म्हणाली.

माणसं उभी राहिली. सहाशे जण एकदम टाळ्या वाजवू लागले, बूट आपटू लागले. ग्रासियानाने काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि मोकळ्या हाताने खुर्चीचा हात थोपटत राहिली. दुसरा हात तिने आर्डिसच्या मनगटावरून उचलला नाही.