स्तोयनाची भिंत

त्स्वेतानाने भिंतीला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला. मग पुन्हा लावला. सोफ्यामागची ही भिंत हिवाळाभर कोमट असायची. आज ती बाल्कनीच्या कठड्याइतकी गार होती.

टेबलाशी तिचा नवरा रांगेल आणि भाऊ मेतोदी यांचा हिशेब रंगात आला होता. मेतोदीला नव्या फ्लॅटमध्ये थंडीची सोय करायची होती.

"एसीने घर गरम ठेवायचं तर महिन्याला दीडशे लेवचा खर्च," मेतोदी म्हणाला. "लाकडी गोळ्यांची शेगडी थोडी स्वस्त, पण पोती वाहून कंबर मोडणार. आणि शहराच्या केंद्रातून नळाने येणाऱ्या गरम पाण्यावरचे रेडिएटर..."

"त्यांचं नाव काढू नकोस. आम्ही आमचे केव्हाच बंद केले." रांगेलने लोणच्याच्या बशीतला फ्लॉवरचा तुरा उचलला. "सगळ्यात स्वस्त काय, सांगू? शेजारची स्तोयना मावशी. ती रेडिएटर पूर्ण चालू ठेवून बसते, भिंत आमची तापते. दमडीचा खर्च नाही."

मेतोदीला हसता हसता ठसका लागला. विनोद जुनाच. रांगेल तो जिन्यात, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला ऐकवायचा. अर्धी इमारत अशीच शेजाऱ्याच्या उबेवर जगत होती, त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. त्स्वेतानाही आजवर हसत आली होती.

"भिंत गार आहे," ती म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही.

"रांगेल, स्तोयना मावशीची भिंत गार पडलीये."

तो उठून आला. त्याने हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"रेडिएटर बिघडला असेल."

"मग एव्हाना जिन्यात येऊन ओरडली असती."

"मुलीकडे गेली असेल."

"मुलगी स्पेनला आहे तिची."

मावशीने ऐंशी ओलांडलेली, घरात एकटी. कालपासून तिचा टीव्हीही ऐकू आला नव्हता. सकाळी पाव आणायला जाताना त्स्वेतानाने सवयीने इमारतीच्या खालच्या दारावर चिकटवलेल्या मृत्यूच्या सूचना वाचल्या होत्या. मावशीची नव्हती. पण गेल्याचं कुणाला कळलंच नाही, तर ती चिकटवणार कोण?

तिने भिंतीवर मूठ आपटली. पलीकडून काही आलं नाही.

"पोलिसांना फोन करू," रांगेल तिच्याकडे न बघता म्हणाला. "आपण कशाला आत जायचं?"

तो घाबरला होता. तीही घाबरली होती. आणि त्या भीतीच्या तळाशी आणखी एक विचार होता, ज्याची तिला किळस आली: आता जानेवारी कसा काढायचा?

ती बाहेर पडली. बेल वाजवली, दार ठोठावलं.

"मावशी, मी त्स्वेताना."

तिने दाराच्या फटीला नाक लावून वास घेतला. आपण हे काय करतोय असं वाटून तिला रडूच आलं. मग पुन्हा दोन्ही हातांनी दार बडवलं. आत काहीतरी सरकलं. पावलं घासत आली, कडी निघाली.

दारात स्तोयना मावशी. अंगात ओव्हरकोट, लोकरी टोपी, हातमोजे. ओठ निळसर, तोंडातून वाफ निघत होती. त्स्वेतानाने म्हातारीचे दोन्ही हात धरून ठेवले.

"मावशी, अहो काय झालं? रेडिएटर बंद पडला?"

"मीच बंद केला गं. टीव्हीसुद्धा लावत नाही. तुझा रांगेल परवा लिफ्टमध्ये सांगत होता ना, रेडिएटर बंद ठेवून भिंतीला टेकून बसायचं, तेच सगळ्यात स्वस्त. म्हटलं, शहाणा माणूस आहे, आपणही करून बघावं."

तिच्या मागे खोलीत आरामखुर्ची ओढून सामाईक भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली होती. खुर्चीवर दोन घोंगड्या आणि एक उशी.

"कालपासून बसलेय तिथे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुकान किती वाजता उघडतं असं विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्ही तुमचा रेडिएटर कधी सुरू करता?"