राजश्रीने पातेलं खाली उतरवलं

मी एक जुनी, चाळीस पानांची पुस्तिका आहे. विषय पाण्यातलं फ्लोराइड. मित्रांनो, पाठीवर चहाचा गोल डाग असला, तरी जन्म माझा देशाच्या विज्ञान अकादमीत झाला. तिथे देशभरातले शास्त्रज्ञ एकत्र बसतात आणि अवघड गोष्टी तपासून सरकारला, लोकांना सांगतात. त्यांना काही विकायचं नसतं, मतंही मागायची नसतात. माझ्यातल्या एका वाक्यावर ते दोन दिवस भांडले. कुणीतरी लिहिलं होतं, ‘बोअरचं पाणी घातक असतं.’ एका वयस्कर शास्त्रज्ञ बाईंनी ते खोडलं. “कुठल्या बोअरचं? न तपासता कसं लिहिता?” मग पहिल्या पानावर छापलं गेलं : ‘आधी पाणी तपासून घ्या.’

मराठीत छापून मला वडवणीजवळच्या एका शाळेत पाठवलं. पहिल्या दिवशी टाळ्या वाजल्या. पुढे गुरुजींचं टेबल डुगडुगायला लागलं आणि सहा वर्षं मी त्याच्या पायाखाली काढली.

एकदा पालकसभेला राजश्री आली. सोबत आठ वर्षांची रोहिणी, कडेवर वर्षाचा समाधान. त्याचा खुळखुळा टेबलाखाली गेला, ती वाकली, आणि मी तिला दिसले. गुरुजींना विचारून तिने मला घरी नेलं. अकराव्या पानावर जास्त फ्लोराइडमुळे तपकिरी पट्टे पडलेल्या दातांचं चित्र होतं. तिने रोहिणीला तोंड उघडायला लावलं. तेच पट्टे.

“आगं, वडवणीच्या बाजारात दात बघून आपलं गाव वळखत्यात,” तिची सासू छबुबाई म्हणाली. “त्यात काय इवढं?”

“पण आत्याबाई, मी तर पाणी वीस-वीस मिनिटं उकळून देते!”

मला वाईट वाटलं, कारण पुढची ओळ मला ठाऊक होती. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. राजश्रीने ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचली. मग उठून गॅसवरचं समाधानच्या पाण्याचं पातेलं खाली उतरवलं.

गाव प्यायचं ते बोअरचं पाणी, आणि बोअर गावातल्या बबनरावांचा. दुष्काळात स्वतःच्या पैशाने घेतलेला, सगळ्या गावाला मोकळा. त्यांना कोण सांगणार? राजश्रीच मला घेऊन गेली.

“दुस्काळात ह्येच पाणी गोड लागलं, आन् आता जहर झालं व्हय?” बबनराव तडकले.

“जहर न्हाई म्हणत, मामा. तपासा म्हणतंय फक्त.”

त्यांनी माझं पहिलं पान उघडलं. “म्हंजी, हे येवढे शहाणेबी खात्रीनं बोलत न्हाईत?”

“तपासल्याबिगर न्हाई बोलत.”

“मग आपुन तरी कावून बोलावं?” ते हसले. “पण खोटं निघालं तर ह्या पुस्तकावर बंब पेटवीन!”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाटली भरून बीडला प्रयोगशाळेत गेले. मी आठ दिवस त्यांच्याच घरी, बंबाकडे बघत काढले. अहवाल आला. फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट.

 त्याच संध्याकाळी लाल रंग आणून बबनरावांनीच बोअरच्या टाकीवर लिहिलं, ‘पिण्यासाठी नाही.’ खाली बारीक अक्षरात, ‘धुण्याला चालेल.’ मग गावाने शाळेमागची जुनी विहीर उपसली. तिचंही पाणी बबनरावांनी तपासून आणलं. आता ते कुठल्याच पाण्याच्या शब्दावर विसंबत नाहीत. विहिरीचं पाणी चांगलं निघालं.

रोहिणीचे डाग आता आपोआप जाणार नाहीत. तेही माझ्यात छापलंय. ते पान राजश्री पटकन उलटते. पण समाधानचे पक्के दात अजून हिरड्यांत घडताहेत. त्यांच्यासाठी वेळ आहे.

मित्रांनो, मला कव्हर घालून जपू नका. उघडा, शंका काढा, आणि बाटली भरून तपासायला न्या. जाणत्या माणसांनी दोन दिवस भांडून लिहिलेलं एक वाक्य टेबलाखाली पडू देऊ नका.

परवा शेजारच्या वस्तीवरच्या पोरांनी माझ्याकडे बोट दाखवून रोहिणीला विचारलं, “हे खरं कावून मानायचं?”

तिने सगळ्यांसमोर ओठ मागे ओढून दात दाखवले. म्हणाली, “पान अकरा. आता तुमचे बघू.”