हातमोजा

ताश्कंदच्या प्रयोगशाळेतलं ओयदिनचं तीन वर्षांचं काम बंद पडायच्या बेतात होतं, आणि तेही अब्रोरसारख्या सालस पोरामुळे. पेशीतला एक लांबलचक आरएनए तिनं हेरला होता. तो प्रथिन बनवत नाही म्हणून सगळे त्याला कचरा म्हणत. पण औषधाला न जुमानणाऱ्या, अंगभर पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत तो खच्चून भरलेला असे. त्याला गप्प केलं की त्याच पेशी औषधानं पटापट मरत. मात्र हे दुसऱ्या कुणाच्या हातूनही दिसायला हवं, आणि तोच प्रयोग करणाऱ्या तिच्या मदतनीस अब्रोरच्या नमुन्यांत तीनदा आरएनएचा मागमूस नव्हता.

"चौथ्यांदा बघू, पोरी," प्रयोगशाळेचे प्रमुख तुर्गुन दोमला, म्हणजे तुर्गुन सर, म्हणाले होते. "नाहीतर गाशा गुंडाळ."

म्हणून ओयदिन सकाळपासून अब्रोरच्या मानगुटीवर बसली होती. तेवढ्यात दोमला रोजच्यासारखे आले. अब्रोरनं लगबगीनं उजवा हातमोजा काढला, त्यांचा हात हातात घेतला, घरच्यांची खुशाली सांगितली, आणि तोच मोजा चढवून पुन्हा नळ्या उचलल्या.

"नवा मोजा का नाही घातलास, गाढवा?" ओयदिन कुजबुजली. "मोज्याला बाहेरून बोटांचा घाम लागला की आरएनएचा चुरा होतो!"

"त्यांच्या देखत, ओपा?" अब्रोर थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "त्यांचा हात लागला म्हणून मोजा फेकू?"

ओयदिननं कपाळावर हात मारला. बायकांशी हात न मिळवता दोमला छातीवर हात ठेवून सलाम करत, म्हणून तिचे नमुने वाचले होते! आता हे सांगायचं कुणी? शेवटी तीच दोमलांपुढे जाऊन उभी राहिली.

"दोमला, रागावू नका. काम चालू असताना अब्रोरशी हात मिळवू नका."

"म्हणजे माझे हात घाणेरडे?"

"सगळ्यांचेच हात आरएनएचे वैरी, दोमला. माझेसुद्धा. आजचे नमुने टाकून उद्या पुन्हा करू द्या."

दोमला लालबुंद झाले आणि चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते दारातच थांबले आणि छातीवर हात ठेवून अब्रोरपुढे वाकले. अब्रोर लाजेनं अर्धा झाला. दुपारी अब्रोरच्या नमुन्यांची रेघ यंत्राच्या पडद्यावर सरसर वर चढली. आरएनए होता, भरपूर होता. आणि ज्यांत तो गप्प केला होता, त्या पेशी औषधानं मेल्या होत्या.

दोमलांनी तिथूनच संचालकांना फोन लावला. "पोरीचं काम खरं आहे, चालू ठेवा. तीनदा बिघडलं ते माझ्यामुळे. हो, अहवालात चुकीपुढे माझंच नाव लिहा."

दोमलांनी कधी चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ओयदिनला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं.