वेटिंग किती?

बाबांना वेटिंग लिस्ट म्हणजे रेल्वेचीच माहीत. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या दोन्ही लॉ कॉलेजांनी मला वेटिंगवर टाकलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती नंबर?" नंबर नसतो, हे मी तीनदा सांगितलं.

"असं कसं? पाच-सातच्या आत असेल तर कन्फर्म होतंच, कश्मिरा," असं म्हणून ते टोकियोशेजारच्या कावासाकी शहरातल्या ऑफिसला निघून गेले.

मग ठरलं, एलसॅट, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यायची. पहिल्या वेळी १८० पैकी १६५ मिळाले होते. एप्रिलमध्ये, टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरात, खोलीचं दार लावून मी लॅपटॉपवर परत परीक्षा दिली. आईने त्या दिवशी शिट्टी नको म्हणून कुकरसुद्धा लावला नाही. तीन आठवड्यांनी निकाल आला: १६२.

रडू आलं नाही, चीड आली. दोन महिने सकाळी चोवीस तास उघड्या कोनबिनी दुकानाच्या गल्ल्यावर आरुबाईतोची पार्ट-टाइम नोकरी, दुपारभर उतारे सोडवणं, आणि एवढं करून तीन मार्क कमी. अभ्यास न करताही इतके मिळाले असते.

एक पळवाट होती. निकाल सहा दिवसांत रद्द करता येतो. मग कॉलेजला आकडा दिसत नाही, फक्त रद्द केल्याची नोंद दिसते. परीक्षेबद्दल मी कॉलेजांना काही कळवलंच नव्हतं. गुपचूप रद्द करायचं आणि जुन्या १६५ वर आशा लावून बसायचं.

पाचव्या दिवशी एका कॉलेजची मेल आली. आमच्या यादीत क्रमांक नसतात, तुमच्या वडिलांनी कळवलेल्या नव्या निकालाची आम्ही वाट पाहत आहोत. खाली बाबांची मेल होती, परीक्षेच्या आदल्या दिवशीची, जपानी कंपनीला शोभेल इतकी नम्र. माझ्या मुलीचा वेटिंग नंबर कृपया कळवावा. ती परीक्षा पुन्हा देत आहे. सरावात तिला १७० मिळतात.

"तुम्ही मला न विचारता त्यांना लिहिलंत?"

"मी फक्त नंबर विचारला गं."

"आणि १७०? आता रद्द केलं तर आपण थापा मारल्या असं दिसेल. नाही केलं तर १६२ दिसतील. माझी पुरती वाट लावलीत तुम्ही, बाबा."

आई भाजी निवडायची थांबली. बाबा उठले. ऑफिसात चूक झाली की उभे राहतात तसे, हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. पोटच्या मुलीपुढे.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

सरावात मला १७० कधीच मिळाले नव्हते. फार तर १६६, तेही एकदाच. जेवताना ते रोज विचारायचे, "आज किती?" मार्चमध्ये एकदा कंटाळून मी १७० सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते उलट्या दिशेला योकोहामाला जाऊन तिथल्या भारतीय दुकानातून माझ्यासाठी श्रीखंड घेऊन आले होते. ते मी खाल्लं.

आता तरी सांगायला हवं होतं. ते अजून वाकलेलेच होते, मला त्यांचं टक्कल दिसत होतं.

"पुन्हा असं करू नका," मी म्हणाले.

"नाही करणार," ते म्हणाले.