पिवळी पेटी आणि दोरीचे पेन

मित्रांनो, मी एक जुनी, भिंतीवरची पिवळी पेटी आहे, आणि मला एका पेनाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी फजिती ऐकताना तुम्हाला नवल वाटायला नको.

इटलीत जेनोव्हा शहराकडे जाणाऱ्या रेल्वेवर समुद्राकाठी एक लहानसे स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर मी तीस वर्षे आहे. माझ्या तोंडात तिकीट घातले की मी ते चावते, ‘टचक’ असा आवाज होतो आणि तिकिटावर तारीख आणि वेळ उमटते. आमच्याकडे तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही. शिक्का नसलेले तिकीट खिशात असले काय आणि नसले काय, सारखेच.

कारखान्यातून आले तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की शाळेला जाणाऱ्या मुली माझ्यात बघून केस सारखे करत. पुढे उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने रंग उडाला, पण काम कधी चुकले नाही. परदेशी पाहुण्यांनी माझ्या तोंडात बँकेची कार्डे घातली, एकाने आइस्क्रीमची काडी खुपसली. मी सगळे सोसले. तपासनीस म्हणत, या स्टेशनचा शिक्का न वाचताही ओळखता येतो.

मला लागूनच नीवेसचे दुकान आहे. वर्तमानपत्रे, सिगारेटी, रेल्वेची तिकिटे आणि पास असे सगळे तिच्याकडे मिळते. शहर बघायला निघालेल्या पाहुण्यांना ती दिवसातून दहा वेळा तेच ते समजावते.

“सिन्योरा, हे झालं गाडीचं. शहरातल्या बसला हे चालणार नाही. दिवसभर भटकायचंय ना? मग हा एकत्र पास घ्या. गाडी यात, बस यात.”

“म्हणजे झालं ना आता?”

“झालं कुठलं! आधी त्या पिवळीच्या तोंडात घाला. नाहीतर तुमच्या आइस्क्रीमचे पैसे तपासनीस घेऊन जाईल.”

‘आधी त्या पिवळीच्या तोंडात’ हे शब्द ऐकले की माझी छाती फुगत असे. माझ्यावाचून कोणाची गाडी सुटत नाही, असे मला वाटे.

मग एका ऑगस्टमध्ये माझी शाईची पट्टी सुकली. पेटी बिघडली असेल तर तारीख आणि वेळ हाताने लिहिलेली चालते, असा नियम आहे. नीवेसने एका साध्या निळ्या पेनाला दोरी बांधली आणि ते खिडकीत टांगले. झाले! माझ्यापुढून धावत जाणारे लोक त्या पेनापुढे थांबू लागले. एकमेकांना वेळ विचारू लागले. तारखेवरून हवेच्या गप्पा निघाल्या, हवेवरून कोणाच्या तरी गुडघेदुखीच्या. तीस वर्षांत माझ्यापाशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी कारागीर आला आणि त्याने नवी पट्टी घातली. आता ते पेन खणात जाईल अशी माझी समजूत होती. पण ते तिथेच लटकत राहिले, आयत्या बिळावरच्या नागोबासारखे. आणि सर्वांत जास्त मला झोंबले ते फिओरेन्झोचे वागणे.

फिओरेन्झो म्हणजे ऐंशीच्या घरातला, हात थरथरणारा म्हातारा. त्याची बायको इल्दे शहरातल्या वृद्धाश्रमात असते. दर गुरुवारी तो सकाळी दहा वाजून बारा मिनिटांच्या गाडीने तिला दुपारी भरवायला जातो. बेकरीतून गरम फोकाचा घेतो, तो पाव दुधाच्या कॉफीत बुडवून खायला इल्देला फार आवडतो. त्याच्या थरथरत्या हातांनी तिकीट माझ्या फटीत जात नसे, म्हणून नीवेस पेनाने लिहून देई. मी धडधाकट असताना हे नियमात बसत नव्हते, पण त्या गाडीचा तपासनीस दारिओ बघून न बघितल्यासारखे करी. नीवेस नुसती वेळही लिहीत नसे. तिकिटाच्या कोपऱ्यात ती गोल अक्षरात आणखी दोन शब्द लिही, ‘इल्देला नमस्कार.’

माझ्या अंगाचा तिळपापड होई. मला आकड्यांपलीकडे काही येत नाही. नमस्कार मी कुठून उमटवणार?

एका गुरुवारी मात्र नवल घडले. नीवेसने पेन उचलले, तर फिओरेन्झो म्हणाला, “नको पोरी. आज मी पिवळीकडेच जातो.”

“अहो, हात बघा तुमचा किती हलतोय!”

“हलू दे.”

तो माझ्यापुढे आला. दोनदा तिकीट बाहेरच वाकले, तिसऱ्यांदा आत गेले. आणि मित्रांनो, माझ्या मनात काय आले म्हणून सांगू? आता बरी आठवण झाली माझी! इतके महिने त्या दोरीवाल्याचे लाड केलेत, आता भोगा. मी जोरात ‘टचक’ केले, पण शाई कागदाला टेकू दिली नाही. त्याने आवाज ऐकला, मला थोपटले, “शाबास” म्हणाला आणि तिकीट न बघताच खिशात टाकले. गाडी आली, तो गेला.

पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“काय झालं?” नीवेसने विचारले.

“गेल्या खेपेला तिकीट कोरंच निघालं. दारिओ नव्हता, नवी पोरगी होती. दंड नाही केला बिचारीनं. म्हणाली, पुढच्या स्टेशनवर उतरा, शिक्का मारा आणि मागच्या गाडीनं या. मागची गाडी दोन तासांनी! पोचेपर्यंत जेवणाची ताटं उचलून झाली होती.”

“मग इल्दे?”

“उपाशी. त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या हातचं खाल्लंच नाही तिनं. भिंतीकडे तोंड करून पडली होती.”

“पण तुम्हाला त्या दिवशी पेन का नको झालं?”

फिओरेन्झो दुकानाच्या खिडकीवर रेलला. मग म्हणाला, “तिला आता माझं नाव आठवत नाही, नीवेस. तुझा नमस्कारही वाचत नाही ती. आयुष्यभर बाहेर पडताना माझ्या मागे लागायची ना, तेवढंच उरलंय. ‘शिक्का मारलास का?’ तिकीट हातात घेऊन बघते, मगच तोंड उघडते. त्याआधीचे दोन आठवडे मी पेनाचं दाखवलं, तर तिनं ढकलून दिलं. म्हणाली, हा शिक्का नव्हे. अर्ध्या तासानं कसेबसे दोन घास खाल्ले.”

तेव्हा मला कळले. तो माझ्यासाठीच आला होता. आणि मी त्यालाच शिक्षा केली होती. ज्या भिंतीवर मी आहे, तिने मला त्या क्षणी गिळून टाकले असते तर बरे झाले असते.

नीवेस मात्र भडकली होती. “या पिवळीचं आता काही खरं नाही!” असे म्हणत तिने त्याच पेनाने एका कागदावर मोठ्या अक्षरात ‘बिघडली आहे’ असे लिहिले आणि तो कागद माझ्या कपाळावर चिकटवला. माझ्या वैऱ्याच्या हातचे अक्षर माझ्या कपाळी आले.

“तिला कशाला बोलतेस?” फिओरेन्झो म्हणाला. “माझाच हात हलला असेल. तीस वर्षं राबतेय बिचारी.”

माझी बाजू तोच घेत होता! त्याने कागद वर उचलला आणि तिकीट पुढे केले. ते फटीत शिरायला चार खेपा लागल्या. मी पट्टीतली होती नव्हती तेवढी शाई एकवटली आणि दाबले. या वेळी त्याने तिकीट डोळ्यांजवळ नेऊन बघितले, आणि ओल्या शाईवर फुंकर मारली.

तेवढ्यात आलेल्या गाडीच्या दारातून दारिओ ओरडला, “सिन्योर फिओरेन्झो, इथून वाचता येतोय हो शिक्का!”

संध्याकाळच्या गाडीने तो परतला तेव्हा नीवेस दुकानाबाहेर उभीच होती. “खाल्लं,” तो म्हणाला. “अख्खा तुकडा, कॉफीत बुडवून.” जाता जाता त्याने मला पुन्हा थोपटले.

आता कारागीर येत नाही. आमच्या जागी नवी यंत्रे यायची आहेत, म्हणून जुन्यांना कोणी नवी पट्टी घालत नाही. माझ्या पट्टीत शाई थोडीच उरली आहे. पेनाचा हेवा अजून वाटतो, खोटे कशाला बोलू? लोक त्याच्यापाशी हसतात, थांबतात, आणि मी कपाळावर कागद घेऊन बघत राहते.

पण मित्रांनो, कधी आमच्या स्टेशनवर आलात, तर एवढे करा. माझ्या कपाळावरचा कागद काढू नका. कोणतीही पेटी असो, नुसता आवाज ऐकून पुढे जाऊ नका, शिक्का डोळ्यांनी बघा. आणि तुमच्या तिकिटावर खुशाल त्या दोरीच्या पेनाने वेळ लिहा, मी काही म्हणणार नाही. माझ्यात उरलेली शाई इल्देची आहे.