कार्डावरचे शेवटचे दोन स्विच

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्यातला रिअॅक्टर चालवणारा जुना संगणक बिघडला की अंजनाचा फोन मलाच येतो. ती तिथली प्लांट इनचार्ज, एकेकाळी माझ्या हाताखाली शिकलेली. मला फार येतं असं नाही. त्या यंत्राची ओळख असणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, एवढंच.

आज सकाळी मी त्यातलं जळालेलं सर्किट-कार्ड काढलं आणि जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानातून आणलेलं जुनंच, पण चालू कार्ड बसवलं. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे आठ स्विच. पहिले सहा कार्डाचा पत्ता ठरवतात. तो चुकला तर संगणकाला कार्ड सापडतच नाही. शेवटचे दोन टायमरचे. संगणक मध्येच गोठला, तर दहा सेकंदांत टायमरने रिअॅक्टरचा हीटर बंद करायचा. आत पेट घेणारं सॉल्व्हंट असतं आणि शेजारी ऑपरेटर बबन उभा असतो.

संगणकाला कार्ड सापडलं. टायमर तपासायला संगणक मुद्दाम गोठवावा लागला असता. पण बॅच खोळंबली होती, आणि ‘जरा थांबा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी खरवईला घरी आलो.

जेवण झाल्यावर जुनी वही चाळली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: या कार्डावर पत्त्यासाठी ऑन म्हणजे शून्य, टायमरला उलट, ऑन म्हणजे एक. मी आठही स्विच एकाच समजुतीने लावले होते. टायमर चालायला दोन्ही एक हवेत, म्हणून मी ते दोन्ही ऑफ ठेवले होते. म्हणजे टायमर बंदच. की वहीत लिहिलंय ते दुसऱ्याच कार्डाचं?

अंजनाचा फोन नुसता वाजत राहिला. ठिणगीच्या भीतीने तिथे सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवतात. रिक्षा केली. वाटभर मी अंबरनाथच्या बाजूच्या आभाळात धूर शोधत होतो. गेटवरच्या पेटीत माझाही मोबाइल टाकला आणि आत गेलो.

बबन रिअॅक्टरपाशी गेजवर नजर ठेवून उभा होता. तापमान चढत होतं.

"अंजना, माझी चूक झाली असेल," मी म्हणालो. "नसेलही. पण बघायला हवं."

तिने एक हात हीटरच्या मेन स्विचवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने संगणकावरचा प्रोग्रॅम थांबवला. बबन मोजू लागला. दहा झाले की हीटर बंद करणाऱ्या रिलेची खटक ऐकू यायला हवी होती.

"दहा," तो म्हणाला. मग हळूच, "अकरा."

हीटरचा लाल दिवा तसाच होता. अंजनाने मेन स्विच खाली ओढला.

मग संगणक बंद करून मी पेनाच्या टोकाने ते दोन स्विच ऑन केले. पुन्हा सगळं चालू केलं, पुन्हा प्रोग्रॅम थांबवला. या वेळी बबन "दहा" म्हणाला आणि खटक झाली. दिवा विझला.

"काका, सकाळी नुसतं बोलला असतात ना," बबन कपाळ पुसत म्हणाला, "मी तेव्हाच मोजलं असतं. मला दहापर्यंत येतं."

तो हसला. मला हसता आलं नाही. सकाळपासून पाच तास तो तिथे उभा होता.

"आणखी एकदा मोजू या का?" मी विचारलं.

बबनने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एकपासून सुरुवात केली.